सांगलीत घराच्या उत्तरेच्या बोळात बुटके पाम लावायचे आहेत, कोणते टिकतील?

बोळातली_बाग (सांगली, विश्रामबाग)

नमस्कार. घराच्या उत्तर बाजूला २२ फूट लांब, ५ फूट रुंद बोळ आहे. एका अंगाला घराची भिंत (एकमजली, ११ फूट), दुसऱ्या अंगाला पाच फुटी कंपाउंड. बोळाच्या मागच्या टोकावर जुन्या आंब्याची फांदी येते. माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडतात. पाणी बोअरचं, नळाचं पाणी एक दिवसाआड.

सावलीत वाढणारे, सहा-सात फुटांच्या वर न जाणारे पाम हवे आहेत. नर्सरीत अरेका, टेबल पाम, चायना पाम, रॅफिस, बांबू पाम आणि फिशटेल अशी नावं सांगितली. सध्या तिथे दोन अरेका आहेत, दोन्हींच्या पानांची टोकं तपकिरी पडली आहेत आणि देठ पिवळे आहेत. खड्डा किती घ्यायचा, माती काय भरायची, हेही सांगा.

कृष्णाकाठ

आधी त्या यादीतली नावं चाळून घेऊ, कारण नर्सरीत हातभर उंचीचं दिसणारं प्रत्येक रोप बुटकं राहत नाही. टेबल पाम आणि चायना पाम लहानपणी कुंडीत देखणे दिसतात, पण दोन्ही मोठे वृक्ष होतात. फिशटेल नावाने कधी आपल्या सह्याद्रीतला भेरली माड मिळतो, तो चाळीस फुटांच्या पुढे जातो. त्याच्या फळांचा गर अंगाला लागला की भयंकर खाज सुटते, त्यामुळे घराशेजारी तो नकोच. अरेका मूळचा मादागास्करचा. त्याला भरपूर उजेड लागतो आणि जमिनीत तो पंधरा-वीस फूट सहज होतो. त्याचे पिवळे देठ हा रोग नव्हे, तो त्याचा मूळ रंग आहे. टोकं तपकिरी पडणं मात्र पाण्याचं आणि कोरड्या हवेचं लक्षण आहे.

खऱ्या अर्थाने झाडांखाली वाढणारे आणि सांगलीत जगवता येणारे म्हणजे रॅफिस आणि बांबू पाम. रॅफिस दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडचा. खोडावर काथ्यासारखं जाळं असतं, बुडातून फुटवे येतात. वाढ फार मंद, म्हणून महाग. पण कोरडी हवा, हिवाळ्यातली थंडी आणि थोडंफार दुर्लक्ष हे सगळं सोसणारा दुसरा पाम या आकारात नाही. बांबू पाम मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, वेगाने वाढतो, सहा-सात फुटांवर थांबतो. त्याला ओलावा जास्त लागतो आणि उन्हाळ्यात लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) त्याच्यावरच आधी येतो.

याच कुळातला छोटा पार्लर पाम तीन-चार फुटांचा. तो एकखोडी आहे. नर्सरीत दाट दिसतो कारण एका कुंडीत दहा-पंधरा रोपं एकत्र लावलेली असतात. ती सोडवून वेगळी करू नका, मुळं तुटली की अर्धी मरतात. याला जमिनीपेक्षा कुंडीच बरी.

गोल, चुण्या पडलेल्या पानांचा लिक्वाला बघून मोह होईल, तो सांगलीत टाळा. मार्च ते मेमधल्या कोरड्या वाऱ्याने पान फाटतं आणि कडा जळतात.

आता उजेडाचा मुद्दा, ज्यात उत्तरेच्या बोळाबद्दल बहुतेकांची फसगत होते. उत्तर बाजू म्हणजे कायम सावली, हे आपल्याकडे फक्त हिवाळ्यात खरं असतं. सांगली पावणेसतरा अंशांच्या थोडी वर आहे. डिसेंबरात तुमच्या ११ फुटी घराची भरदुपारची सावली साधारण नऊ फूट पडते, म्हणजे बोळ पूर्ण झाकला जातो. २१ मार्चला तीच सावली सव्वातीन फूट, एप्रिलच्या मध्यावर दीड फुटाच्या आत, आणि ७-८ मेच्या सुमारास शून्य सावली. (साताऱ्यात हा दिवस तीनेक दिवसांनी येतो.) त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून तळपतो. शिवाय त्या काळात तो उगवतो आणि मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला, त्यामुळे संध्याकाळचं तिरपं ऊनही बोळात शिरतं. जानेवारीत सावली बघून लावलेलं रोप एप्रिलमध्ये करपतं ते यामुळे. पाम नाजूक असल्याचा दोष त्याला उगाच लागतो.

उपाय सोपा आहे. १५ मार्चपासून पाऊस नीट बसेपर्यंत बोळावर ७५ टक्क्यांचं शेडनेट, आठ फूट उंचीवर, कंपाउंडच्या बाजूला उतार देऊन. पश्चिमेच्या टोकाला उभा पडदा सोडा. नेट पानांना टेकू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. पावसाळ्यात नेट काढून टाका, नाहीतर रोपं उजेडासाठी लांबुळकी होतात.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल घ्या, त्यात शेणखत, कोकोपीट आणि वाळू भरा.

काळी_माती (मिरज)

कृष्णाकाठ यांनी उन्हाचं गणित फार नेमकं मांडलंय. खड्ड्याबद्दल मात्र मी पूर्ण असहमत आहे, आणि हे जोर देऊन लिहितोय, कारण आपल्या भागात पाम जातात त्यातले निम्मे याच कारणाने.

काळ्या मातीत खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत मिश्रण भरलं की तो खड्डा हौद होतो. भोवतालची चिकण माती पाणी जिरू देत नाही, वरून पडलेलं सगळं पाणी त्या मऊ मातीत येऊन साठतं. जुलैमध्ये आठवडाभर झड लागली की मुळं बुडून कुजतात. वरून बघताना पान पिवळं पडतं, माणसाला वाटतं खत कमी पडलं, तो खत-पाणी वाढवतो आणि उरलेली मुळंही जातात. खात्री करायची असेल तर एक फूट खोल खड्डा पाण्याने भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी चार तासांनंतरही शिल्लक असेल तर तिथे खड्डा घ्यायचा नाही.

त्याऐवजी जमिनीच्या वर वाफा बांधा. तुमच्या बोळात कंपाउंडच्या बाजूने २२ फूट लांब, २ फूट रुंद, १ फूट उंच. घराच्या भिंतीला लावून नको, ओल आत येईल. कंपाउंडलाही पाठीमागून जाड प्लॅस्टिकचा कागद लावा. पुढची बाजू विटांची, दर तीन फुटांवर तळाशी एक वीट आडवी सोडून पाणी निघायला वाट. मूळ काळी माती कुदळीने फक्त वीतभर खणून सैल करा, तिला बोळाच्या एका टोकाकडे थोडा उतार द्या आणि त्यावर वाफा भरा.

माल किती लागेल? ४४ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासपेक्षा थोडा कमी. घमेलं साधारण १२ लिटरचं धरलं तर शंभर घमेली. त्यातली ४० तांबडी माती किंवा मुरमाड पोयटा, २० जाड वाळू (चाळलेली, बारीक धूळ नको), २० पूर्ण कुजलेलं शेणखत, २० भाताचं तूस किंवा भुईमुगाची टरफलं. क्रशरची पावडर वाळू म्हणून घालू नका, ती सिमेंटसारखी बसते. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) स्वस्तात मिळते, पण ताजी मळी तापते. वर्षभर कुजलेली असेल तरच शेणखताच्या निम्म्या वाट्याइतकी घ्या.

सेंद्रिय भाग कुजला की वाफा वर्षात तीन-चार इंच बसतो. वरून भर घालताना ती खोडाला चढवू नका. पाम आधी होता त्याच पातळीवर राहिला पाहिजे. दोन इंच जरी खोल गेला तरी खोडाला हवा मिळत नाही, नवीन पान फिकट येतं आणि पुढे बुंधा सडतो.

लावणीत आणखी एक गोष्ट. आंध्रातल्या कडियमहून येणारी रोपं बहुधा घट्ट तांबड्या मातीच्या हुंडीत (मुळांभोवतीच्या गोळ्यात) असतात. ती हुंडी तशीच भुसभुशीत वाफ्यात ठेवली तर पाणी बाजूने निसटतं आणि गाभा कोरडाच राहतो. लावण्याआधी हुंडी पिशवीसकट बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण वीस मिनिटं भिजवा. पिशवी कापून बाहेरची फक्त अर्धा इंच माती बोटाने सैल करा. पामच्या मुळांना छाटणी सोसत नाही, म्हणून हुंडी फोडायची नाही. पहिले दोन महिने पाणी थेट हुंडीवर पडेल असं द्या.

रॅफिस तीन फुटांवर, म्हणजे सात जागा. जागा रिकामी वाटेल, पण तीन-चार वर्षांत फुटवे ती भरून काढतात.

बोळातली_बाग

दोघांचेही आभार, शेडनेटचं अजिबात लक्षात आलं नव्हतं. बोअरचं पाणी आज मीटरने मोजलं, टीडीएस (विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) ११५० आलं. नळाचं २६०. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बागेला वापरते, ते चालेल ना? आणि आंब्याखालच्या चार-पाच फुटांत वाफा करू का?

पाणी_माती (तासगाव)

ताई, आरओचं वाया जाणारं पाणी पामला अजिबात घालू नका. फिल्टरने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात येतात, म्हणजे मूळ पाण्यापेक्षा ते जास्त खारट असतं. ते फरशी पुसायला ठेवा. सॉफ्टनरचं पाणीही नको. त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतो आणि तो चिकण मातीला आणखी चोपण करतो.

११५० हे या पामांना जास्तच आहे. ५०० च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. तुमच्या आकड्यांवरून, नळाचं तीन भाग आणि बोअरचं एक भाग मिसळलं तर ४८० च्या आसपास येतं. सात रॅफिसना एप्रिल-मेमध्ये एक दिवसाआड प्रत्येकी पाच लिटर धरले तर ३५ लिटर होतात, म्हणजे नळाचं पाणी आलेल्या दिवशी दोनच बादल्या बाजूला काढायच्या आहेत. पावसाळ्यात गच्चीचं पाणी धरा. १० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर होतात, त्यातले ८० तरी हाती लागतात. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

काही जण पाण्यात सायट्रिक ॲसिड घालायला सांगतात. २० लिटरच्या बादलीला ४ ग्रॅम घातल्याने पाण्याचा अल्कधर्मीपणा कमी होतो आणि लोह उपलब्ध व्हायला मदत होते. पण क्षार तेवढेच राहतात, सोडियम आणि क्लोराईड कुठेही जात नाही. पानांची टोकं जळण्यावर तो उपाय नाही.

कुंडीतल्या पामसाठी दर महिन्याला एकदा धुवण. १२ इंची कुंडीत १२-१३ लिटर माती बसते. तिच्या दुप्पट, म्हणजे २५ लिटर हलकं (कमी क्षारांचं) पाणी तासाभरात थोडं थोडं करून वरून सोडा आणि खालून वाहून जाऊ द्या. खालच्या बशीत साठलेलं पाणी लगेच ओतून टाका, नाहीतर क्षार पुन्हा वर चढतात. कोकोपीटही नीट धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. ५ किलोची वीट फुगवून दोनदा भिजवा आणि दोन्ही वेळा पाणी निथळून टाका.

खतं तुमच्याजवळच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळतील, द्राक्षबागायतदार तीच वापरतात. एका झाडाला जून, ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत निंबोळी पेंड १०० ग्रॅम, ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम. म्युरेट ऑफ पोटॅश घेऊ नका, त्यात क्लोराईड असतं. सुपर फॉस्फेटही टाळा. त्यातल्या फ्लोराईडने पामच्या पानांची टोकं जळतात आणि स्फुरदाची (फॉस्फरसची) त्यांना फारशी गरजही नसते.

पान बघून कमतरता ओळखायची तर आधी पान जुनं की नवीन ते बघा. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके पडून टोकाकडून वाळणं हे पालाशचं (पोटॅशियमचं). जुन्याच पानाचा मधला भाग हिरवा आणि कडेने रुंद पिवळा पट्टा हे मॅग्नेशियमचं. नवीन पान फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. लोहासाठी चिलेट (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) मागताना ईडीडीएचए प्रकारचंच मागा. आपल्या चुनखडीच्या मातीत ईडीटीए प्रकारचं चिलेट लवकर निकामी होतं. ५ ग्रॅम ५ लिटर पाण्यात, संध्याकाळी, बुडाशी ओतायचं. मात्र लोहाची लक्षणं बहुतेक वेळा निचरा नसल्याने किंवा रोप खोल गेल्याने दिसतात, ते आधी तपासा.

आणि पालाश कमी असताना ठिपकेवाली जुनी पानं कापू नका. झाड त्यातूनच पालाश ओढून नव्या पानाला देत असतं. ती कापली की लक्षणं वरच्या पानांवर सरकतात. पान पूर्ण वाळू द्या, मग काढा.

कृष्णाकाठ

काळी_माती यांचं वाफ्याबद्दलचं म्हणणं मान्य. सांगली-मिरजेच्या मातीला खड्ड्यापेक्षा तेच योग्य आहे.

आंब्याखाली वाफा नको. चांगली ओलसर माती दिसली की वर्षभरात आंब्याची मुळं तिथे येऊन ती पिऊन टाकतात. आणि आंब्याच्या बुंध्याभोवती फूटभर माती चढवली तर आंब्यालाच त्रास होतो. त्या चार-पाच फुटांत कुंड्या ठेवा, दोन विटांवर उचलून, म्हणजे मुळं खालच्या भोकातून शिरणार नाहीत. पार्लर पामची जागा तीच.

आंब्याला मोहोर असताना तुडतुडे चिकटा टाकतात, तो खालच्या पामवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पामला रोग झालेला नसतो. दर आठ दिवसांनी ओल्या फडक्याने पानं पुसली तरी पुरे.

लाल कोळ्याचं मात्र मनावर घ्या. मार्चच्या शेवटापासून आठवड्यातून एकदा पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर बारीक ठिपके चालताना दिसले की पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा, चार दिवसांच्या अंतराने तीनदा. त्यानेही आटोक्यात आलं नाही तर १०,००० पीपीएमचं निंबोळी अर्क प्रतिलिटर २ मिली, सूर्य मावळल्यावर. पाण्यात मिसळणारं गंधक द्राक्षाला चालतं म्हणून लोक इथेही मारतात, पण ३२ अंशांच्या वर ते पान भाजतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढं थंड क्वचितच असतं. तेलाची फवारणी झाल्यावर दोन आठवडे तर गंधक नाहीच.

हवेत ओलावा वाढवायला पानांवर बोअरचं पाणी शिंपडू नका, पांढरे डाग पडतात. दुपारी तीन-चारला बोळाची जमीन आणि विटा ओल्या करा. वाफ्यावर उसाचं पाचट दोन-तीन इंच पसरा, खोडापासून चार बोटं दूर. वाळवी दिसली तर पाचट काढून भुईमुगाची टरफलं घाला.

घाटमाथा (सातारा, पाटण तालुका)

धागा सांगलीचा आहे, पण इथे आमच्याकडचेही वाचणारे असतील म्हणून. कोयना-महाबळेश्वरच्या बाजूला वरचं पाण्याचं आणि लोहाचं प्रकरण जवळपास नसतंच. जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी, पाऊस प्रचंड. इथे पाम मरतो तो शेंड्याकडून. जुलै-ऑगस्टमध्ये गाभ्यात पाणी साचून बुरशी लागते. मधलं न उघडलेलं पान, म्हणजे सुई, हलकी ओढल्यावर हातात येते आणि तिच्या बुडाला घाण वास असतो. पामला खोडागणिक एकच शेंडा असतो. तो गेला की ते खोड संपलं. बांबू पाम आणि रॅफिस बाजूच्या फुटव्यांवर तरतात, पार्लर पामचं रोप मात्र गेलंच.

म्हणून पन्हाळीचं पाणी पडतं तिथे लावू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि मग महिन्याने कॉपर ऑक्सिक्लोराईड प्रतिलिटर ३ ग्रॅम, गाभ्यात उतरेल असं फवारा. सुई सुटलेली दिसली तर सडका भाग स्वच्छ कापून मेटॅलॅक्झिल-मँकोझेबचं मिश्र बुरशीनाशक प्रतिलिटर २ ग्रॅम, त्याच गाभ्यात. लवकर सापडलं तरच उपयोग होतो.

बांबू पामचे जुने देठ हिरवे असताना ओढून काढायची सवय सांगलीकरांनीही टाळावी. त्या जखमेतून बुंध्यावर गुलाबी बुरशी शिरते. देठ आपोआप सैल झाल्यावरच काढा.

आणखी एक विनंती. सह्याद्रीत सावलीत वाढणारे आपले स्वतःचे पाम आहेत. पिनांगा कर्नाटक-केरळच्या सदाहरित जंगलात सापडतो, वेत तर आपल्याकडेही आहेत. ते जंगलातून उपटून आणू नका. राखीव वनातून आणि अभयारण्यातून रोप काढणं गुन्हा आहे, आणि तशी आणलेली रोपं मुळं तुटल्याने बहुधा जगतही नाहीत. नर्सरीत बियांपासून केलेली मिळाली तरच घ्या.

बोळातली_बाग

शेवटचं विचारते. रॅफिस महाग आहे, सात घेण्याऐवजी दोन मोठे घेऊन वाटून लावले तर? आणि त्या दोन अरेकांचं काय करू?

काळी_माती

वाटता येतात, घाई मात्र नको. एका तुकड्यात निदान तीन-चार खोडं आणि प्रत्येकाला स्वतःची मुळं हवीत, त्यामुळे घेताना प्रत्येकी दहा-बारा खोडांची दाट कुंडी बघा. दोन कुंड्यांतून फार तर सहा तुकडे निघतील, सातवी जागा बांबू पामला द्या. पाऊस बसल्यावर, जूनअखेर ते जुलैमध्ये करा. कुंडीतून काढून माती पाण्याने धुवा म्हणजे खोडं जोडणारा कंद दिसतो, तो स्पिरिटने पुसलेल्या बारीक करवतीने कापा. नुसतं हाताने फाडू नका. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराईडची पेस्ट लावा, तुकडे आधी ८-१० इंची कुंड्यांत लावून दाट सावलीत ठेवा. दोन महिने खत नाही. एखाद-दुसरं पान वाळेल, ते चालतं. नवीन सुई सरकलेली दिसली की मुळं धरली असं समजा, आणि पुढच्या जूनमध्ये वाफ्यात न्या. तोवर वाफाही बसून घट्ट झालेला असेल.

अरेका पूर्वेला सकाळचं ऊन मिळतं तिथे, मोठ्या कुंडीत हलवा, तेही पावसाळ्यातच. हुंडी किमान दीड फूट व्यासाची घ्या. जळालेली टोकं कात्रीने कापायची असतील तर हिरव्या भागाला धक्का न लावता तपकिरी भागातच कापा, नाहीतर कडा पुन्हा वाळत जाते.